चहापुरती ऊब

"एका गुरुवारसाठी तुम्ही सगळ्या देशाला ताटकळत ठेवलंय, मॅडम," डॉ. पाठारे म्हणाले आणि वर हसले. हेमांगी दराडेला त्यांच्या बोलण्यापेक्षा त्या हसण्याचा जास्त राग आला.

तो गुरुवार ऑक्टोबरातला. सिन्नरच्या पुढे माळावर जे इंजिन चाचणी केंद्र आहे, तिथे त्या दिवशी 'हिमदूत' या नव्या हवाई रुग्णवाहिकेचं इंजिन रुसून बसलं होतं. बटण दाबलं, ठिणगी पडली, इंधन आत गेलं, पण इंजिन काही पेटलं नाही. त्याआधी ते दर वेळी पेटलं होतं आणि त्यानंतरही दर वेळी पेटत होतं. हेमांगी तिथली चाचणीप्रमुख. तिच्या सहीशिवाय इंजिनाला परवाना मिळत नसे, आणि त्या गुरुवारी काय झालं ते कळल्याशिवाय सही करायची नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. पाठारे केंद्राचे संचालक होते. त्यांच्या डोक्यावर उद्घाटनाची तारीख होती.

"जुळा काय म्हणतो ते तरी बघा," ते म्हणाले. "जुळा म्हणतो, तो अपवाद आहे."

"अपवाद म्हणजे काय, सर? त्या दिवशी इंजिनाचा उपास होता?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता," पाठारे म्हणाले. हेमांगी उठून आली.

हा जुळा म्हणजे काय, ते सांगायचं तर आधी कोठीबद्दल सांगायला हवं. उंच डोंगरावर इंजिन कसं वागेल हे बघायला दर वेळी डोंगरावर कोण जाणार? तिथल्या हवेची मर्जी, वाटेची मर्जी. त्यापेक्षा डोंगरच खाली आणलेला बरा. कोठी म्हणजे मंगल कार्यालयाएवढं मोठं पोलादी नळकांडं. त्यात इंजिन बसवायचं, दार घट्ट लावायचं आणि मोठमोठ्या पंपांनी आतली हवा ओढून काढायची. समुद्रसपाटीपासून साडेपाच किलोमीटर वर गेलं की हवेचा दाब निम्म्यावर येतो. तसा तो कोठीत आणायचा. मग आधी कोरडी केलेली हवा गोठणबिंदूच्याही खूप खाली गार करून आत सोडायची. कोरडी अशासाठी, की नाहीतर बाष्पाचा बर्फ होऊन इंजिनाच्या तोंडाशीच साचतो. अशा विरळ, कडक गारठ्यात इंजिनाला तासन् तास ठेवायचं आणि मग म्हणायचं, हं, आता पेट. विरळ हवेत प्राणवायू कमी, आणि गार इंधनाचा फवारा बारीक उडत नाही, जाडे थेंब पडतात. अशा वेळी जे पेटेल ते इंजिन खरं.

या सगळ्याला वीज इतकी लागायची की कोठी चालू झाली की आमचे पंखे मंदावतात, अशी आसपासच्या गावांची कायमची तक्रार होती. म्हणून जुळा आला. कोठीत वर्षानुवर्षं झालेल्या प्रत्येक चाचणीची नोंद संगणकाला पाजून पाजून त्याच्या पोटात दुसरी कोठी उभी केली, तो हा जुळा. कोठीला जे सांगायला दिवस लागत, ते जुळा चुटकीसरशी सांगे. एवढंच नाही, तर एक जानेवारीपासून त्याच्या शब्दावर परवाना द्यायचा आणि खरी कोठी बंद करायची, असा सरकारी निर्णयही झाला होता. म्हणजे हेमांगीच्या सहीला दिवाळीनंतर थोडेच दिवस किंमत उरणार होती.

ते थोडे दिवस तिने त्या गुरुवारच्या मागे घालवले. गुरुवारची चाचणी तिने पुन्हा केली, तीच उंची, तोच गारठा, त्याच पिंपातलं इंधन. इंजिन पहिल्या ठिणगीला पेटलं. गारठा वाढवला, तरी पेटलं. ठिणगी मुद्दाम कमी केली, तरी निर्लज्जासारखं पेटलं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, तेच कळेना. नियंत्रण टेबलावर बसणारे रऊफभाई तांबोळी तिच्याइतकेच जुने. तेही वैतागले.

"मॅडम, मला काय वाटतं, त्या दिवशी आमावस्या होती."

"नव्हती. बघितलं मी," हेमांगी म्हणाली आणि आपण ते खरंच कॅलेंडरात बघितलं होतं, याची तिला लाज वाटली.

घरून तिच्यावर वेगळाच दाब होता. घर म्हणजे जुई, तिची एकुलती एक मुलगी. एमबीबीएस झाली आणि हट्टाने लडाखमधल्या थांगलुंग या गावी सरकारी दवाखान्यात गेली. हिवाळ्यात त्या गावाची वाट बर्फाखाली जाते, ती वसंतातच वर येते. पहिला 'हिमदूत' थांगलुंगलाच द्यायचा ठरला होता. जुईने दवाखान्यामागची शेतं सपाट करवून घेऊन उतरायची जागासुद्धा तयार ठेवली होती.

"आई, वाट बंद झाली काल," फोनच्या पडद्यावर जुईचं नाक लालभडक दिसत होतं. "आमच्या इथे यांगचेन म्हणून एक जण आहे. तिचं बाळ आडवं आहे. तिला लेहला न्यायला हवं. तुझं ते विमान कधी येणार?"

"अगं, एक कारण सापडू दे, लगेच सही करते."

"कारण, कारण! शंभरदा चाललं आणि एकदा चाललं नाही. माझ्या हातातलं कुठलं औषध असं चालतं, सांग बरं? तरी मी देतेच ना?"

"विमान म्हणजे क्रोसिन नाही, जुई."

"आणि यांगचेन म्हणजे तुझी चाचणी नाही," जुई म्हणाली आणि पडदा काळा झाला.

हेमांगी त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. पोरीचं चुकलं नव्हतं. आपलंही चुकलेलं नव्हतं. दोघींचंही बरोबर असताना एवढं भांडण व्हावं, याचा तिला भयंकर संताप आला, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

डिसेंबरच्या मध्यावर जुईचा निरोप आला. फोन नाही, नुसता निरोप. *गावकऱ्यांनी यांगचेनला खांद्यावरून खिंडीपलीकडे नेलं. ती वाचली. बाळ गेलं. झाली का तुझी सही?*

त्या दिवशीही चाचणी होती. हेमांगी जाऊन नेहमीच्या खुर्चीत बसली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना. पंप सुरू झाले, जमीन थरथरू लागली. कॅंटीनच्या अलकाताई नेहमीप्रमाणे किटली घेऊन आल्या. सगळ्यांनी आपापले पेले धरले. हेमांगीने मात्र पेला घेतला नाही. आजवर या वेळी तिचं लक्ष चहाकडे असे, बिस्किटांकडे असे, रऊफभाईंच्या नातवाच्या करामतींकडे असे. आज कशातच लक्ष नव्हतं, म्हणून ती जाड काचेतून नुसती कोठीत बघत होती. आत इंजिनाचा पंखा मंद गतीने फिरत होता.

"रऊफभाई, हे इंजिन आत्ता का चालू आहे?"

"आत्ता?" रऊफभाईंनी बिस्किट बुडवलं. "आत्ता चहा चाललाय ना, मॅडम."

"चहा आपला चाललाय. त्याचं काय?"

"म्हणजे काय? त्यालाही थोडं फिरवतो. बोंद्रे साहेबांपासूनची रीत आहे. इंजिनाला उपाशी पोटी डोंगर चढवायचा नाही."

बोंद्रे साहेब कोठीचे पहिले प्रमुख. हेमांगी त्यांच्याच हाताखाली शिकली. त्यांच्या काळातल्या इंजिनांचे तेल अडवणारे रबरी पडदे गारठ्यात आखडत आणि तेल गळे, म्हणून पंप चालू झाले की साहेब इंजिन जरा वेळ पेटवून, फिरवून गरम करून घेत. किती वेळ? तर चहा होईपर्यंत. पुढे ती इंजिनं गेली, पडदे बदलले, बोंद्रे साहेब निवृत्त होऊन पुण्याला नातवंडांत रमले. रीत मात्र राहिली. ती चाचणीच्या कुठल्या छापील पद्धतीत लिहिलेली नव्हती, कारण चहा कोण पद्धतीत लिहितो? आणि नोंदी घेणारी यंत्रं चालू होत कोठी ठरल्या उंचीला पोचल्यावर. त्याच्या आधीचं सगळं म्हणजे तयारी. हेमांगीने स्वतः इतकी वर्षं त्या फिरत्या पंख्यासमोर बसून चहा प्यायला होता आणि तो पंखा तिला एकदाही दिसला नव्हता.

"आणि त्या गुरुवारी?" तिने रऊफभाईंकडे खुर्ची वळवली. "त्या गुरुवारी फिरवलं होतं?"

रऊफभाई आठवू लागले. उत्तर दिलं ते अलकाताईंनी. "गुरुवारी मी कुठं होते? भाचीचा साखरपुडा नव्हता का नांदूरला? चहा झालाच नव्हता त्या दिवशी. तुम्हीच सगळे दुसऱ्या दिवशी माझ्यावर घसरले होते."

चहा नाही, म्हणून इंजिनालाही चहा नाही. रऊफभाईंचा हात पेल्याबरोबरच बटणाकडे जाई. त्या दिवशी पेलाच नव्हता. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"पण मॅडम, एवढ्याशा उबेनं काय होतंय? नंतर किती तास आपण त्याला गारठवतो!"

हेमांगीच्या डोक्यात आता एकेक दार उघडत होतं. "थर्मासमध्ये चहा गरम का राहतो? त्याच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते म्हणून. उष्णता वाहून न्यायला कुणी नाही. आपणही तेच करतो. इंजिन गरम करतो, त्याला आगीपासून जपणारं ते जाड पांघरूण असतंच, आणि वर आजूबाजूची हवा काढून घेतो. उरलेली हवा विरळ, तीही जागच्या जागी उभी. आपले तापमापक असतात ते हवेत आणि बाहेरच्या तेलाच्या टाकीत. ती दोन्ही गारठतात. इंधनाचा फवारा जिथून उडतो तो गाभा आत उबेला बसलेला असतो. डोंगरावर रात्रभर वारा असतो, रऊफभाई. तो इंजिनाच्या तोंडातून शिरतो आणि शेपटातून निघतो. तिथे गाभ्यात काय ऊब राहणार?"

हे खरं का, ते दोघांनीच तपासलं. इंजिन दोन दिवस थंड होऊ दिलं, चहाच्या वेळी अलकाताईंना दारातूनच परत पाठवलं आणि गारठवताना कोठीतले पंखे इंजिनाच्या तोंडावर सोडले. मग बटण दाबलं. ठिणगी पडली, इंधन गेलं आणि काचेपलीकडे काही म्हणजे काही झालं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आपलं इंजिन पेटत नाही याचा इतका आनंद जगात आणखी कुणाला झाला नसेल. हेमांगी आणि रऊफभाई लहान पोरांसारखे हसले. मग तिला यांगचेनचं बाळ आठवलं आणि ती नोंद लिहायला बसली.

पाठारेंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही हसले नाहीत, तेव्हा तिला वाटलं, समजलं यांना.

"पण ही चाचणी पद्धतीत बसत नाही," ते म्हणाले. "पद्धतीत कोठीत वारा सोडायचा असतो?"

"नाही. पण इंजिन आधी गरम करायचं, हेही पद्धतीत नाही!"

"मग ते कुणी केलंच नाही, असं धरू."

"सर, जुळा सगळं शिकलाय ते या नोंदींवरून. त्याने आयुष्यात थंड इंजिन बघितलेलंच नाही. त्याला कसं कळणार?"

"तुमचे ते दोन्ही नकार मी त्याला दिले, मॅडम. तो म्हणतो, आता तीन अपवाद झाले."

निदान परवान्यात एक अट घाला, असं ती म्हणाली. इंजिन रात्रभर थंड पडू द्यायचं नाही, एवढंच. पाठारेंनी नकारार्थी मान हलवली. तशी अट घातली तर 'बाहेरच्या मदतीशिवाय कुठल्याही गारठ्यात सुरू होते' हे वाक्य काढावं लागलं असतं, आणि ते वाक्य उद्घाटनाच्या फलकावर केव्हाच रंगवून झालं होतं. तिने दिल्लीला परवाना मंडळाकडे दाद मागितली. मंडळाने तातडीने लक्ष घातलं, म्हणजे जुळ्याला विचारलं. ज्याच्यावर फिर्याद, त्यालाच न्यायाधीश केलं. जुळ्याने स्वतःला निर्दोष सोडलं. जानेवारी उजाडला, हेमांगीच्या सहीची गरज संपली आणि 'हिमदूत' तिच्या सहीवाचून थांगलुंगला गेला.

तिने जुईला फोन लावला. जुईने उचलला, पण 'आई' म्हणाली नाही.

"विमान आलं," ती म्हणाली. "छान आहे. बोल."

"जुई, माझं एक ऐक. त्याला रात्री थंड होऊ देऊ नका. पायलटला सांग, मधून मधून थोडं फिरवायचं."

"रिगझिन ऐकणार नाही. इंधन इथे रक्तासारखं जपावं लागतं. आणि परवान्यात स्पष्ट लिहिलंय, कुठल्याही गारठ्यात सुरू होतं."

"तुमच्याकडे रात्री चहा होतो?"

"काय?"

"चहा. रात्रपाळीला."

"सारखाच होतो. लोणी-मिठाचा. आई, तू आता चहाचं काय काढलंयस?"

मग हेमांगीने तिला सगळं सांगितलं. बोंद्रे साहेब, साखरपुडा, थर्मास, स्वतः काचेसमोर बसून काढलेली आंधळी वर्षं, काही वगळलं नाही. "म्हणून म्हणते, तुम्ही चहा ठेवलात की त्यालाही फिरवा. चहा होईपर्यंत. बाकी मला काही जमलं नाही गं. फार प्रयत्न केला. कुणी ऐकलंच नाही." शेवटचं बोलताना तिला रडू फुटलं.

पलीकडे वारा ऐकू येत होता.

"त्या परवान्यावर तुझी सही आहे?" जुईने विचारलं.

"नाही."

"मी एवढं बोलले, बाळ गेल्यावर तसला निरोप पाठवला, तरी नाही केलीस?"

"नाही."

"मग फिरवू," जुई म्हणाली. "रिगझिनला मी बघते." आणि मग म्हणाली, "आई, तू जेवलीस का?"

फेब्रुवारीत थांगलुंगला पारा कधी नव्हे इतका उतरला. पहाटे एका मेंढपाळाच्या पोटात आतडं पिळलं. जुईने रिगझिनला उठवलं. चहा नुकताच उकळून झाला होता. सकाळी तिचा फोन आला. "आई, पहिल्या ठिणगीला! लेहला पोचला तो. ऑपरेशन झालं." हेमांगीने केंद्रातल्या सगळ्यांना पेढे वाटले आणि अलकाताईंना दोन दिले. कितीतरी महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

दुपारी पाठारे स्वतः नियंत्रण कक्षात आले. फार खुशीत होते.

"बघितलंत ना, मॅडम? महिनाभर थांगलुंगची आकडेवारी येतेय. एकदाही नकार नाही! जुळ्याला सगळी दिली. त्याला जी काही बारीक शंका होती, तीही गेली."

"सर, ते चहाच्या वेळी इंजिन फिरवतात. मी सांगितलंय म्हणून. ते नाही का आलं आकडेवारीत?"

"उड्डाणाच्या आधीचं त्यात येत नाही. ती तयारी झाली," पाठारे म्हणाले. "बरं, मंडळाने मंजुरी दिलीय. पुढच्या आठवड्यात आणखी बारा ठिकाणी विमानं जाताहेत. आणि सोमवारपासून कोठीचे पंप उतरवायला माणसं येतील, त्यांना जरा सहकार्य करा."

ते गेले. हेमांगी खुर्चीत बसून राहिली. आपल्या हाताने आपण जुळ्याला खोटी साक्ष दिली होती. जुईचं इंजिन पेटलं नसतं तर कदाचित जुळा हरला असता. पण मग तो मेंढपाळ गेला असता. आणि बारा गावांत दवाखाने होते, पायलट होते, आडवी बाळं होती, पण त्यांच्यापैकी कुणाची आई या कोठीत काम करत नव्हती. ओरडावंसं वाटलं, पण ऐकायला काचेपलीकडची रिकामी कोठी तेवढी होती.

"मॅडम," रऊफभाई म्हणाले, "आता?"

तिने जुईला फोन करून बाराही दवाखान्यांचे नंबर मागून घेतले. रऊफभाईंनी कागदाचे सरळ दोन तुकडे केले आणि अर्धे नंबर स्वतःकडे ठेवले, म्हणाले, "माझं हिंदी तुमच्यापेक्षा बरं आहे."

हेमांगीने पहिला नंबर लावला. फोन खूप वेळ वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला. पाठीमागे वारा होता आणि भांड्यांचा आवाज येत होता.

"नमस्कार," ती आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली. "तुम्ही मला ओळखत नाही. मी इंजिनं तपासते. एकच विचारायचं होतं. तुमच्याकडे रात्रीचा चहा कोण ठेवतं?"